हलकं केलेलं चाक

परवा डिचोलीच्या बाजारातून येताना बोंडूंचा वास आला. कुणीतरी स्कूटरच्या पुढ्यात पिशवी अडकवली होती. तिच्यातून रस गळत होता आणि मागे डांबरावर थेंबांची रेघ उमटत गेली होती. काजूच्या फळाचा हा वास ज्याला आवडतो त्याला फार आवडतो, बाकीचे नाक धरतात. मला तो लहानपणापासून आवडायचा. आता आवडतो की नाही, हे नक्की सांगता येत नाही. कारण तो आला की मागोमाग बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भुग्याचा वास आठवतो, मग जळलेल्या क्लचचा, आणि मग माझ्या धाकट्या भावाचा, अनंतचा, चेहरा. दर हंगामाला याच क्रमाने हे सगळं येतं, तसं ते याही वर्षी आलं आहे.

माझं डिचोलीला लेथचं दुकान आहे. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर, मोटरच्या स्विचच्या वर, एका छोट्या गाडीचं फ्लायव्हील तारेने टांगलेलं दिसेल. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याची नजर तिथे जातेच. विकायचं आहे का, असंही एकदोघांनी विचारलं. शोभेला ठेवलंय, असं मी सांगतो. त्यात शोभा कसली आहे म्हणा, वर्षातून एकदा मी त्याला तेलाचा हात मारतो, म्हणजे गंज चढत नाही.

गाडीच्या पोटातलं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनाच्या मागच्या टोकाला एक जड, गोल चाक बसवलेलं असतं. इंजिनाचा जोर सलग येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मधल्या वेळात इंजिनाला फिरतं ठेवायचं काम हे चाक करतं. घरात पायाची शिवणाची मशीन असेल तर तिचं मोठं चाक बघावं. पाय काढला तरी सुई आणखी दोन टाके घालते, ते त्या चाकाच्या वजनामुळे. आमच्या घरी शैला, माझी बायको, अजून त्याच मशीनवर शिवते. गिऱ्हाइकाला समजावायची वेळ आली की मी त्याला सरळ घरात नेऊन ती मशीन दाखवतो. शैलाला ते मुळीच आवडत नाही.

मी वाढलो ट्रकांवर. आमची पिढी खाणीच्या लाल धुळीत मोठी झाली, तशी माझी विद्याही त्याच धुळीतली. खाणीच्या खड्ड्यातून भरलेला ट्रक वर काढायचा म्हणजे क्लचचा जीव जातो आणि क्लचबरोबर चाकाचा पृष्ठभागही जळतो. त्यावर निळे डाग पडतात, खरवड येते. मग ते चाक उतरवून लेथवर चढवायचं आणि एक पातळ कट मारून तोंड साफ करायचं. पावसाळ्यात खाणी थांबल्या की माझ्या दारात अशी चाकं एकावर एक रचून ठेवलेली असत. एकेक चाक दोन माणसांनी उचलावं असं. त्याची जाडी इतकी की दोन कट जास्त गेले काय नि कमी गेले काय, त्याला ढिम्म फरक पडत नसे. त्यामुळे डिचोलीतल्या आम्हा लेथवाल्यांना मोजायची सवयच लागली नाही. टूल लागताना आवाज ऐकायचा, तोंडावरून बोट फिरवायचं, झालं. हाताला कळतं, असं आम्ही म्हणत असू, आणि ट्रकाच्या बाबतीत ते खरंही होतं.

अनंत त्याच ट्रकांपैकी एक चालवायचा. स्वतःचा होता, हौसेने घेतलेला. खाणी बंद पडल्या तेव्हा तो ट्रक आमच्या पेडण्याच्या घरापुढे उभा राहिला. एका पावसात त्याच्या चाकांत गवत आलं, दुसऱ्या पावसात हौद्यात झाडं. मग एक दिवस तो विकला गेला. अनंत त्या दिवशी घरात बसून राहिला, बाहेर आलाच नाही. त्यानंतर त्याने पेडण्याच्या बाजूला आमची थोडी काजूची बाग आहे ती बघायला घेतली. काम तो करायचा, पण बागेत चालतानासुद्धा त्याचा उजवा पाय मोकळा वाटायचा, असं सुनंदा, त्याची बायको, म्हणायची. तिने ते हसत म्हटलं होतं, पण तिला त्याची काळजी वाटत होती.

मग त्याने कुठूनशी एक जुनी पांढरी छोटी गाडी आणली. पेडण्याच्या वर सड्यावर, जांभ्याच्या उघड्या माळावर, काही हौशी लोक मातीवरची शर्यत घेत असत. खांब रोवायचे, वळणं आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. अनंत पहिल्यांदा नुसता बघायला गेला. दुसऱ्या वेळी भाग घेतला आणि मधल्या कुठल्यातरी नंबरावर आला. घरी येऊन तो तासभर त्या वळणांबद्दल बोलला. इतकं सलग बोलताना मी त्याला ट्रक गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

फाल्गुन सरत आला होता, झाडाखाली पहिली बोंडं पडू लागली होती, तेव्हा तो गाडीचं फ्लायव्हील मांडीवर घेऊन माझ्या दुकानात आला. बसमधून आणलं होतं, वर्तमानपत्रात गुंडाळून.

"दादा, ह्या हलका करून दी," तो म्हणाला. "दोन किलो काढ."

"कित्याक?"

"वळणात गाडी मागसून जाग्यार येता. मी पाय देतंय, ती विचार करता, मगे धावता."

बोलणं बरोबर होतं. त्याला गणित येत नसलं तरी त्याच्या पायाला ते कळलं होतं. इंजिनाला दोन कामं असतात. एक गाडी पुढे ढकलायचं आणि दुसरं स्वतःचे फिरते भाग फिरवायचं. चाक जड असेल तर पायाखालचा जोर आधी त्या चाकाचा वेग वाढवण्यात जातो, उरलेला रस्त्यावर येतो. चाक हलकं केलं की तोच जोर लवकर रस्त्यावर पोचतो. खालच्या गिअरमध्ये हा फरक जास्त जाणवतो, वरच्या गिअरमध्ये जवळजवळ नाहीच. म्हणजे सरळ लांब रस्त्याला त्याचा उपयोग थोडा, पण सड्यावरच्या वळणांना भरपूर. शिवाय वजन मधलं काढलं तर फारसं काही होत नाही, कडेचं काढलं तर होतं, कारण कडेचं वजन जास्त अंतर फिरतं. हे सगळं मला माहीत होतं, आणि मी ते त्याला ऐटीत समजावून सांगितलं.

अडचण एवढीच की कडेला स्टार्टरची दात्यांची रिंग असते. तिथलं फार काही काढता येत नाही. मग मी चाकाच्या पाठीमागून, पोटातलं बीड काढायला घेतलं.

बीड कापताना त्याच्या लांब साली निघत नाहीत, भुगा पडतो. काळा, बारीक, बोटांच्या रेषांत जाऊन बसणारा. वासही वेगळा असतो, तापलेल्या तव्यासारखा. मी भुगा बिस्किटांच्या डब्यात गोळा करत होतो. अनंत स्टुलावर बसून बघत होता, मधूनमधून बोंडू चावत होता आणि त्याचा रस शर्टावर सांडून घेत होता. काजूचा डाग निघत नाही हे आमच्याकडे लहान पोराला माहीत असतं.

"वजन केलंस?" त्याने विचारलं.

"काटो काजूत असा," मी म्हटलं.

हे आमच्या घरातलं जुनं आहे. तेव्हा आमचा वजनकाटा एकच होता. काजूचा हंगाम सुरू झाला की तो बागेत जातो, कारण बिया सुकल्या की तिथेच वजन करून पोती भरतात. तो पाऊस लागल्यावरच परत येतो. तेवढे दोन-तीन महिने दुकानात काटा नसायचा, आणि ट्रकांच्या कामात तो लागतही नसे.

"हाताक कळता," मी म्हटलं आणि आणखी एक कट मारला. मग एक साफसफाईचा. मग चाक उचलून पाहिलं, हलकं लागलं, बरं वाटलं. मी ते अनंतच्या हातात दिलं. त्याने खाली-वर करून पाहिलं आणि नवं भांडं घेतल्यासारखा हसला.

पहिल्या फेरीला मी त्याच्या शेजारी बसलो होतो. खरं सांगतो, मजा आली. पाय ठेवला की इंजिनाचा काटा टुणकन वर, काढला की तितक्याच चटकन खाली. गिअर बदलताना वाट बघावी लागत नव्हती. जुनी गाडी एकदम तरणी झाली होती. सड्यावर चढल्यावर अनंतने ती मातीत दोन-तीनदा फिरवली, लाल धूळ आत आली, आमच्या तोंडात गेली, आणि आम्ही दोघे पन्नाशीला टेकलेले बाप्ये खोकत हसत राहिलो. माझ्या हातचं काम एवढं चांगलं कधी झालं नव्हतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

उरलेलं हळूहळू कळत गेलं. गाडी उभी असताना इंजिन थरथरायला लागलं. एसी लावला की गुदमरायचं. गिअरबॉक्समधून दात खडखडल्यासारखा आवाज येऊ लागला, कारण पूर्वी जड चाक जे धक्के गिळायचं ते आता पुढे जात होते. हे सगळं शर्यतीच्या गाडीत चालतं. पण अनंतकडे शर्यतीची म्हणून वेगळी गाडी नव्हती. रविवारी सड्यावर जाणारी तीच गाडी सोमवारी आईला दवाखान्यात नेत होती, मंगळवारी बियांची पोती वाहत होती. आई त्याच्याकडेच राहते.

तेरेखोलला आमची मावशी आहे. एका सकाळी आईला तिच्याकडे पोचवायचं होतं, मीही बरोबर गेलो. केरीहून फेरीबोटीत बसलो. पलीकडे पोचलो तेव्हा ओहोटी होती. अशा वेळी धक्क्याचा खालचा उतार उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं. फेरीतून बाहेर पडून तो चढ हळू, अगदी पावलापावलाने चढावा लागतो, कारण पुढे स्कूटरी असतात. आमच्या पुढची स्कूटर थांबली, अनंतने ब्रेक दाबला, आणि पुन्हा उचलताना गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ती दोन हात मागे सरकली. फेरीवरच्या माणसाने धावत येऊन मागच्या चाकाला लाकडाचा ठोकळा लावला.

"गाडी शिकतंस काय रे?" त्याने विचारलं.

वीस वर्षं भरलेला ट्रक चढावर थांबवून पुन्हा उचलणारा हा माणूस. त्याचे कान लाल झाले. त्याने ॲक्सिलरेटर दाबून इंजिन खूप मोठं केलं, क्लच अर्धा सोडून तसाच धरला, आणि गाडी किंचाळत चढली. सगळ्या गाडीत जळका वास भरला. आईने पदर नाकाला लावला.

"तुझो ट्रक कधी असो मरूक नाय," ती म्हणाली.

 पुढे अनंतने तीच पद्धत उचलली. चढ आला की इंजिन मोठं करायचं आणि क्लच घासत न्यायचा. दुसरा इलाज नव्हता. हलक्या चाकात साठवलेला जोर नसतो, तो क्लच घासून भरून काढावा लागतो. घासला की उष्णता होते. जड चाक ती उष्णता पोटात घेऊन पसरवतं. पातळ चाकाला ती घ्यायला जागाच नसते. एवढं मला त्या फेरीच्या धक्क्यावर कळायला हवं होतं. मी मात्र तेव्हा अनंतच्या लाल कानांना मनातल्या मनात हसत होतो.

ज्या बुधवारी मला कळलं, त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून बागेत गेलो होतो. हंगाम ऐन भरात होता. झाडाखाली पडलेली बोंडं सगळीकडे, पिवळी, तांबडी, माश्या घोंघावत होत्या. सुनंदा बिया पिळून वेगळ्या करत होती. अनंतने भट्टीसाठी नवी मडकी आणली होती. काजूचा रस आंबवून उकळतात आणि थेंब थेंब मडक्यात उतरवतात, ती मडकी. वापरण्याआधी तो प्रत्येक मडकं एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या गाठीने वाजवून बघत होता. पहिलं खणखणलं. दुसरंही खणखणलं. तिसऱ्याला त्याने दोनदा टिचकी मारली आणि ते बाजूला ठेवलं.

"आयक," तो मला म्हणाला आणि पुन्हा वाजवलं. आवाज बद्द आला. "ह्या बोलणा नाय."

मी ते मडकं हातात घेऊन फिरवून पाहिलं. कुठे काही नव्हतं.

"खंय फुटला?"

"दिसणा नाय. पण आतसून गेलला असा. तापला काय फुटतला."

तो पुढच्या मडक्याकडे वळला. मी ते न बोलणारं मडकं धरून उभा राहिलो आणि मला फेरीच्या धक्क्यावरचा तो जळका वास आठवला, आणि न मोजता कापलेलं चाक. शेजारीच आमचा काटा होता, त्यावर सुनंदा आता सुकलेल्या बिया जोखू लागली होती. मी तिला म्हटलं, काटा एका दिवसासाठी नेतो. दादा, आज भरतीची पोती आहेत, ती म्हणाली. मी म्हटलं, उद्या सकाळी आणून देतो. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काटा रिकामा करून दिला.

दुकानात येऊन मी बिस्किटांचा डबा काट्यावर ओतला. दोन किलो काढायला सांगितलं होतं. भुगा साडेतीन भरला. जमिनीवर सांडलेला, झाडून टाकलेला वेगळा. मी अर्धं चाक कापलं होतं. ट्रकाच्या हाताने छोट्या गाडीचं चाक कापलं होतं.

याचा अर्थ काय, तेही सांगतो. बिडाचं चाक पातळ झालं, वरून ते वारंवार तापलं, तर त्याला बारीक तडे जातात. तसं चाक शर्यतीत पूर्ण वेगाने फिरताना फुटलं तर त्याचे तुकडे सरळ बाहेर येतात. मधे असतं ते ॲल्युमिनियमचं पातळ आवरण आणि पत्रा. पत्र्याच्या अलीकडे चालवणाऱ्याचे पाय असतात. रविवारी सड्यावर शर्यत होती. अनंत त्यासाठी महिनाभर गाडी घासूनपुसून तयार करत होता.

मी त्याला बुधवारी सांगितलं नाही. गुरुवारी सकाळी काटा परत द्यायला गेलो तेव्हाही नाही. तो समोर होता, गाडीला पॉलिश करत होता, त्याने मला पाणीसुद्धा विचारलं. शुक्रवारी मी दुकानात बसून राहिलो. का नाही सांगितलं, याची कारणं माझ्याकडे तेव्हा पुष्कळ होती. कदाचित चाक ठीकच असेल. वजन कमी म्हणजे तडा गेलाच असं नाही. शर्यतीत जेमतेम दोन-तीन मिनिटं तर चालवायचं असतं. ही सगळी कारणं मी एकेक करून स्वतःला सांगत होतो. खरं कारण साधं होतं. तीस वर्षांत माझ्या हातचं एकही चाक परत आलं नव्हतं. मी थोरला होतो, त्याला ऐटीत शिकवणारा. हाताक कळता, असं मीच म्हटलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी शैलाने मशीन थांबवली. तिला मी बुधवारीच सांगितलं होतं.

"तुमी त्येका सांगतलात कधी?" तिने विचारलं. "शर्यत झाल्यार?"

शनिवारी सकाळी पहिल्या बसने मी पेडण्याला गेलो. अनंत अंगणात होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. दोनाऐवजी साडेतीन, पोटातलं, न मोजता. चाक काढून बघायला हवं, उद्या गाडी चालवू नको. सांगताना मी त्याच्याकडे बघितलं नाही, गाडीकडे बघत होतो.

 तो आत जाऊन जॅक घेऊन आला. आम्ही दोघांनी मिळून गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवली आणि गिअरबॉक्स खाली घेतला. दुपार झाली. सुनंदाने जेवायला बोलावलं, कुणी उठलं नाही. चाक बाहेर आलं तेव्हा त्याच्या तोंडावर निळे-जांभळे डाग होते. अनंतने ते तारेने आंब्याच्या फांदीला टांगलं आणि पान्याने टिचकी मारली. शाबूत बिडाचा आवाज घंटेसारखा लांबतो. हा आवाज लांबला नाही. बद्द होऊन तिथेच संपला. त्याने पुन्हा मारून बघितली. मग मी चाक पुसून त्याला रॉकेल लावलं, पुन्हा पुसलं, खडूची पूड चोळली. थोड्या वेळाने पांढऱ्यावर एक काळी, केसाएवढी रेघ उमटली. बोल्टच्या भोकापासून निघून ती कडेपर्यंत गेली होती.

अनंतने त्या रेघेवरून नख फिरवलं.

"तुका कधी कळला?" त्याने विचारलं.

"बुधवारी."

"आज शनवार."

मी मान हलवली.

"काल मी आवशीक घेवन चोपड्याक गेल्लंय," तो म्हणाला. "ह्याच गाडीन. ती फुडे बसलली."

एवढंच. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने हात धुतले, टोपली उचलली आणि बागेत निघून गेला. दुसऱ्या दिवशी सड्यावर शर्यत झाली, तिथल्या गाड्यांचा आवाज वाऱ्याबरोबर बागेपर्यंत येत होता म्हणे. तो दिवसभर बिया वेचत होता. हे सुनंदाने सांगितलं, नंतर, फोनवर.

चाक मी उचलून घेऊन आलो. जुन्या गाडीचं नेहमीचं जड चाक मिळवून, बसवून दिलं. गाडी पुन्हा शहाणी झाली, आईला घेऊन फेरीवर गुमान चढू-उतरू लागली. अनंत त्यानंतर सड्यावर गेला नाही. ते मला फार लागलं, अजून लागतं. चतुर्थीला आम्ही एकत्र येतो, आरती करतो, जेवतो. तो माझ्याशी बोलतो, विचारलं तेवढं. चूक त्याने माफ केली होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. कापताना हात जास्त जातो, ट्रकवाल्याला ते समजतं. त्याच्या मनात राहिले ते तीन दिवस. पूर्वी दर काजूत तो बोंडूंची टोपली आमच्या दारात ठेवून जायचा. त्या वर्षापासून टोपली आली नाही. शैला बाजारातून आणते, पण ते बोंडू घरचे नव्हेत हे खाताना कळतं.

आता माझ्या दुकानात वेगळा काटा आहे. लेथला मोजणीची डायल आहे. जवान मुलं येतात, मोबाइलवर बघून ठरवून आलेली असतात. फ्लायव्हील हलकं करा, पिस्टन हलके आणतो, पुढची पुली ॲल्युमिनियमची बसवा. मी कुणाला हाकलत नाही, दोन्ही बाजू सांगतो. हलक्या भागांनी गाडी चपळ होते, इंजिन पटकन चढतं नि उतरतं, वळणात मजा येते, हे खोटं नाही. पण उभी थरथरते, चढाला मरते, क्लच खाते. चाक हवंच असेल तर बिडाचं कापून घेऊ नका, मुळातच हलकं घडवलेलं पोलादाचं आणा. पुढच्या पुलीत रबर असतं, ते क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, थरथर गिळतं, ते काढून टाकाल तर क्रँक तुटेल. आणि ही गाडी घरात आणखी कोण वापरतं, हे मी प्रत्येकाला विचारतो. बहुतेकांना तो प्रश्न विचित्र वाटतो. एकाने सांगितलं, आई देवळात जाते. मी म्हटलं, मग आईला विचारून ये.

खाणी आता पुन्हा थोड्याथोड्या चालू झाल्या आहेत. रस्त्याकडेची झाडं परत लाल दिसू लागली. अनंत दुसऱ्या कुणाच्या ट्रकवर चालक म्हणून लागला आहे. काल तो मालकाच्या दुसऱ्या एका ट्रकाचं जळलेलं चाक घेऊन आला, जोडीला एक माणूस होता. चाक उतरवलं, भिंतीवर टांगलेल्या चाकाला जाताजाता बोटाने टिचकी मारली, आणि गेला. दरवेळी आला की तो एवढं करतोच. मी त्यावर कधी काही बोललेलो नाही.

आज सकाळी मी ते चाक लेथवर चढवलं. डायल लावली, तोंड साफ करत आणलं. शेवटच्या कटाला टूलची धार तुटली आणि ते किंचित आत घुसलं. डायलवर पाहिलं, अर्धा मिलिमीटर जास्त. ट्रकाच्या चाकात अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नव्हे. ते चाक आणखी दहा वेळा कापता येईल. जगात कुणालाही हे कधी कळलं नसतं.

मी टूल मागे घेतलं, पण लेथ बंद करायला थांबलो नाही. फोन लावला. पलीकडून ट्रकाचा घरघर आवाज येत होता.

"अनंता, अर्धो मिलिमीटर जास्त गेलो," मी म्हटलं. "काय होवचा नाय. पण सांगतंय."

त्याने गाडी हळू केल्याचं घरघरीवरून कळलं. 

"कधी कापलंस?" त्याने विचारलं.

"आत्ता. लेथ अजून फिरता हा."

 मग कुणीतरी मागून हॉर्न दिला, त्याने गिअर टाकल्याचं ऐकू आलं.

"बरा," तो म्हणाला. "संध्याकाळी येतंय चाक न्हेवक. वयनीक सांग, बाजारातले बोंडू हाडू नको."